चाड्यावरचा हात

"या घरात चहालासुद्धा दुष्काळ पडलाय," आत्या पुटपुटली. "पुन्हा अर्धाच कप."

टिचकी कणगीच्या पोटात होती म्हणून तिला ते ऐकू आलं. आत्या बाहेरून कणगीला पाठ टेकून बसलेली, आणि दोघींच्या मध्ये फक्त बांबूच्या काड्या आणि वाळलेलं लिंपण. कणगीच्या तळाला राहिलेलं बियाणं काढायचं तर कुणीतरी आत उतरावं लागतं, आणि आत मावून पुन्हा बाहेर निघू शकेल असं त्या घरात एकच माणूस होतं. तसा तिचा पाच वर्षांचा भाऊ लिंबूटिंबूही मावला असता, पण तो बाहेर आला नसता. तिथंच मांडी ठोकून मूठमूठ गहू तोंडात टाकत बसला असता. टिचकी अकरा वर्षांची होती आणि नऊची वाटायची. ती जन्मली तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, ही तर एका टिचकीत उडून जाईल. नाव चिकटलं. उडून मात्र ती गेली नाही.

चुलीपाशी बसलेल्या आईनं सांगितलं की दूध कमी होतं. काल साखर कमी होती. परवा भांडंच लहान होतं. खरं कारण असं की कप भरून दिला तर त्यातला निम्मा आत्याच्या पोटात जायचा आणि निम्मा मांडीवर, आणि चहा चांगला कढत असायचा. पण हे कारण कुणी तोंडातून काढत नव्हतं. आई नाही, बाबा नाहीत, आणि ज्या हातात कप डुगडुगायचा त्या हाताची मालकीण तर मुळीच नाही. आत्याचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरत होता, आणि दोन वर्षांपासून घरातली सगळी माणसं त्या हाताकडे न बघण्याचं काम अगदी मन लावून करत होती.

सुईत दोरा ओवायची वेळ आली की आई म्हणायची, हल्लीच्या सुयांची नेढीच बारीक येतात, द्या वन्सं इकडे. पाण्याची घागर आत्यानं उचलायच्या आत टिचकीनं उचलायची, असा न सांगितलेला नियम होता. बाबा जेवायला बसताना आत्याच्या ताटाकडे पाठ करून बसत. का म्हणून विचारलं तर म्हणत, इकडून वारा येतो. खिडकी दुसऱ्या बाजूला होती.

एवढं जपायचं कारण होतं. बाबांचे आईवडील गेले तेव्हा बाबा आताच्या लिंबूटिंबूएवढे होते. आत्यानं त्यांना वाढवलं, शेत सांभाळलं आणि लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, वेळ मिळाला नाही. आणि हे सगळं तिनं ज्याच्या जोरावर केलं तो हाच हात. त्या वस्तीत तीस वर्षं पेरणी म्हणजे आत्या. दुसऱ्यांच्या शेतात ती पेरायला जायची आणि बदल्यात घरात धान्य यायचं.

पेरणीचं अवजार साधं असतं, हात साधा लागत नाही. तिफणीला तीन लोखंडी फण. प्रत्येक फणामागे एक पोकळ नळी, आणि तिन्ही नळ्या वर येऊन एका लाकडी वाटीला मिळतात. त्या वाटीला चाडं म्हणतात आणि तिच्या तळाला तीन भोकं असतात. बैल पुढे चालतात, फण जमीन चिरतात, आणि मागून चालणारी बाई चाड्यावर मूठ धरून दाणे सोडत जाते. एकदम नाही, थांबून थांबून नाही, बैलाच्या पावलाबरोबर, तिन्ही भोकांत सारखे. सोडताना चुकलं तर त्या दिवशी कुणालाच कळत नाही. बी मातीखाली जातं, वरून सगळं सारखं दिसतं. आठ दिवसांनी मात्र जमीन एकेक गोष्ट सांगून टाकते, आणि तीही सगळ्या वस्तीसमोर.

गेल्या वर्षी जमिनीनं फारच सांगितलं. एका जागी गहू असा उगवला की जणू कुणी पोतं सांडलं, आणि त्याच्या पुढे चार पावलं नुसती काळी माती. पुन्हा दाटी, पुन्हा टक्कल. सगळी वस्ती येऊन बघून गेली आणि प्रत्येक जण जाताना एकेक कारण ठेवून गेला. पाखरांनी वेचलं असेल. मुंग्यांनी नेलं असेल. बियाणंच जुनं. शेजारच्या शेतातला काका, ज्याला सगळे रेडिओकाका म्हणायचे कारण तो सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत बंद होत नसे, तोसुद्धा त्या दिवशी एवढंच म्हणाला की यंदा पाखरं जरा जास्तच आहेत. सुतारानं तिफणीच्या नळ्या बदलून दिल्या. जुन्या चांगल्या होत्या, हे त्याला माहीत होतं.

आणि पीक हाती न लागल्यामुळे घराला कुलूप लागलं आणि सगळी वीटभट्टीवर गेली. चार महिने.

तिथं टिचकीला मोठा भाव होता. ओल्या विटा उन्हात वाळत घातल्या की मध्येच त्या उलटाव्या लागतात, त्यासाठी रांगांवरून चालावं लागतं, आणि मोठ्या माणसाच्या वजनानं वीट दबते. म्हणून जितकं पोर हलकं तितकी त्याला मागणी. मुकादम तिला बघून म्हणाला होता, वा, ही तर पिसासारखी आहे. पिसासारख्या मुलीनं चार महिने वाकून विटा उलटल्या. तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली की परत आल्यावर पाटीवरची पेन्सिल निसटायची. लिंबूटिंबू तिथं राखेच्या ढिगाजवळ खोकायला शिकला आणि ती विद्या तो अजून विसरला नव्हता. शाळेत बाईंनी टिचकीला पुन्हा त्याच वर्गात बसवलं. तिची उंची बघता कुणाच्या लक्षात आलं नाही, तेवढाच त्या उंचीचा फायदा.

यंदा बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. गहू नीट उगवला तर घरी राहायचं. नाही उगवला तर पेरणीनंतर बाराव्या दिवशी मुकादमाचा ट्रक फाट्यावर थांबणार आहे. शाळेतल्या बाईंनीही सांगितलं होतं की यंदा पुन्हा चार महिने गैरहजर राहिलीस तर पटावरून नाव काढावं लागेल, माझ्या हातात काही नाही. आणि कणगीत होतं ते बियाणं एका पेरणीपुरतं. दुसऱ्यांदा पेरायला घरात दाणा नव्हता.

कणगीच्या अंधारात बसून टिचकीनं शेवटचे गहू खरडले. बाहेर आत्यानं कप खाली ठेवला, तो बशीवर खडखडला, आणि आई लगेच मोठ्यानं भांडी घासायला लागली.

त्या दिवशी टिचकीनं ठरवलं की कुणीतरी बोललं पाहिजे, आणि कुणी नाही तर आपण. बाबा गोठ्यात होते. ती म्हणाली, बाबा, आत्याचा हात. बाबा म्हणाले, शेळीला पाणी पाजलंस का? तिनं शेळीला पाणी पाजलं. परत येऊन पुन्हा म्हणाली, बाबा, पेरणीला आत्याचा... बाबा म्हणाले, शेळीनं सगळं पाणी प्यायलं का बघून ये. मग ती आईकडे गेली. आईनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही, तिच्या केसांत उवा शोधायला लागली.

बोलून होत नसेल तर करून बघावं, असा विचार करून ती सुताराच्या अंगणात गेली. तिथं मोडक्या सामानाच्या ढिगात एक जुनं, काठ फुटलेलं चाडं पडलं होतं. सुतारानं रंधा थांबवून विचारलं, कशाला हवंय. ती म्हणाली, लिंबूला खेळायला. सुतारानं तिच्याकडे बघितलं, ढिगाकडे बघितलं, आणि चाडं पुसून तिच्या हातात दिलं. मग जणू रंध्याशीच बोलावं तसं म्हणाला की काही लोकांना वाटतं मूठ उघडायची असते. मूठ उघडायची नसते. करंगळीच्या बाजूनं सैल करायची आणि अंगठ्यानं आवरून धरायची. आणि दर वळणावर तिन्ही भोकांत डोकवायचं, कारण वळताना फणात चिखल बसतो आणि नळी तुंबते. लिंबूला सांग, म्हणाला.

त्यानंतर पंधरा दिवस टिचकी शेळ्यांच्या मागे जायची ती चाडं घेऊन. ओढ्याची वाळू चाळून तिनं कमरेच्या ओटीत भरली. एका शेळीच्या गळ्यातली दोरी डाव्या मनगटाला बांधली, म्हणजे कुणाच्या तरी पावलाबरोबर चालायची सवय होईल. शेळी काही बैल नव्हती. ती मध्येच थांबायची, मध्येच धावायची, एकदा तर तिनं वळून चाडंच चाटून बघितलं. पहिले चार दिवस वाळूचे ढीग पडले. मग ढिगांच्या जागी ठिपके पडायला लागले, आणि एके दिवशी मागे वळून बघितलं तर तीन रेघा, दोरी ताणल्यासारख्या. लिंबूटिंबू त्या रेघांवर एका पायानं उड्या मारत गेला आणि त्यानं सगळ्या मोडल्या. तिला त्याचा राग आला नाही. पुन्हा काढता येतील हे तिला कळलं होतं.

पेरणीच्या दिवशी सकाळी जमीन अशी होती की माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटानं टोचला तर फुटावा. ही ओल दोन दिवस टिकते. बाबांनी आपला बैल जुंपला, त्याच्या जोडीला रेडिओकाकाचा. आत्यानं ओटी बांधली, चाड्यावर मूठ धरली आणि दरवर्षीसारखी म्हणाली, चल.

टिचकीचं काम मागून चालायचं आणि सांडलेलं बी वेचायचं. इतर वर्षी या कामात काही काम नसायचं. त्या दिवशी पहिल्या फेऱ्यालाच तिची ओंजळ भरली. आत्या दात आवळून मूठ धरत होती, आणि मूठ तिचं ऐकत नव्हती. थरथर आली की दाणे चाड्याच्या काठावर आपटून बाहेर उडायचे. मग घाबरून ती मूठ घट्ट आवळायची आणि पाच पावलं एकही दाणा पडायचा नाही. बाबा पुढे बघून बैल हाकत होते. बैल हाकणाऱ्याला मागे बघता येत नाही ही गोष्ट खरी, पण बाबांची मान जितकी ताठ होती तितकी बैलांसाठी लागत नव्हती. आई बांधावर ढेकळं फोडत होती. जिथं ढेकूळ नव्हतं तिथंही फोडत होती.

सहा फेरे झाले. सातव्यासाठी बांधापाशी तिफण वळायला थांबली तेव्हा टिचकीनं ओच्यात वेचलेलं बी बघितलं. यातलं प्रत्येक मूठभर बी म्हणजे जमिनीतली एक रिकामी जागा, हे तिला दिसत होतं. तिला रांगेनं मांडलेल्या ओल्या विटा दिसल्या, क्षितिजापर्यंत. जे ओठांवर येत होतं ते तिनं गिळलं आणि त्या घरात जे चालायचं तेच चालवलं. निमित्त काढलं.

"आत्या," ती म्हणाली, "पाखरं फार उतरलीत. मी हाकलते तर भीक घालत नाहीत. तुझा आवाज मोठा आहे. तू जरा पाखरं बघ ना, तोवर मी मूठ धरते."

आभाळात एक पाखरू होतं. तेही दुसऱ्या कुणाच्या तरी शेताकडे चाललं होतं.

आत्यानं ते पाखरू बघितलं. मग टिचकीच्या ओच्याकडे बघितलं, आणि तिथं बराच वेळ बघत राहिली. बाबा बैलाच्या कानामागे काहीतरी शोधत होते. शेवटी आत्यानं एका हातानं कमरेची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. टिचकीनं पुढे होऊन सोडली आणि ओटी स्वतःच्या कमरेला दोन वेढे देऊन बांधली, तरी ती गुडघ्यापर्यंत आली.

"पाखरं खरंच फार झालीत," बाबा बैलाला म्हणाले.

आत्या बांधावर जाऊन बसली आणि तिनं रिकाम्या आभाळाकडे बघून अशी आरोळी ठोकली की पलीकडच्या शेतातला माणूस काम टाकून उभा राहिला.

बैल शेळीपेक्षा फार सोपे निघाले. ते सरळ चालायचे, त्यांना काही चाटायचं नव्हतं. टिचकीनं करंगळी सैल केली, अंगठ्यानं आवरून धरलं, आणि दाणे नळ्यांतून उतरताना बारीक खुळखुळ व्हायला लागली. तीच खुळखुळ, जी लहानपणापासून तिनं आत्यामागून चालताना ऐकली होती. चाडं तिच्या छातीच्या उंचीला येत होतं, हात वर धरून धरून खांदा भरून आला, पण खुळखुळ थांबली नाही. फेरा संपला, वळण आलं, तिनं तिन्ही भोकांत डोकावून बघितलं. पुन्हा फेरा. पुन्हा वळण. बाबांची मान हळूहळू सैल होत गेली. दुपारी तर ते बैलांशी चक्क विनोद करायला लागले.

आणि तेव्हा रेडिओकाका आला. आपला बैल नीट चालतोय ना बघायला आलो, म्हणाला, पण बघत होता टिचकीकडे. कमरेवर हात ठेवून म्हणाला, अरे वा, आज तिफणीमागे नुसती ओटीच चाललीय वाटतं, आत कुणी आहे का? मग दोन पावलं सोबत चालला, कान देऊन ऐकलं, आणि त्याची थट्टा आपोआप बंद पडली. वाहवा, म्हणाला. टिचकीला ते आवडलं. इतकं आवडलं की पुढच्या वळणावर तिनं भोकांत बघितलंच नाही. मान वर करून, समोर बघत, राणीसारखी चालली.

अर्ध्या शेतात आल्यावर तिला वाटलं की खुळखुळ जरा पातळ झालीय. तिनं खाली बघितलं. डाव्या भोकात गहू काठोकाठ भरून नुसता बसला होता. नळी तुंबली होती. वळणापासून इथवर डाव्या ओळीत एकही दाणा गेला नव्हता.

कुणालाही दिसलं नव्हतं. बैल चालत होते, बाबा गुणगुणत होते, रेडिओकाका बांधावर आत्यापाशी टेकला होता. नळी बोटानं मोकळी करायला किती वेळ लागतो? पुढचं सगळं नीट झालं असतं, आणि मागची ती अर्धी ओळ आठ दिवसांनी रिकामी दिसली असती तर कारणं तयारच होती. पाखरं होती, मुंग्या होत्या. आणि आता बोललं तर रेडिओ इथंच बसलाय. दिवस मावळायच्या आत वस्तीभर वाजेल की पोरीच्या हाती तिफण दिली आणि पोरीनं घाण केली.

ती आणखी तीन पावलं चालली. ती तीन पावलं तिला फार जड गेली.

"बाबा, थांबा. डावी नळी तुंबलीय. वळणापासून. माझं लक्ष नव्हतं."

बैल थांबले. सगळंच थांबलं. आईचं ढेकूळ हातातच राहिलं. चूक झालेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, असं त्या शेतात बऱ्याच दिवसांत घडलं नव्हतं, त्यामुळे त्यावर काय म्हणायचं असतं हे कुणाला पटकन आठवेना. रेडिओकाकानंच आधी तोंड उघडलं, आणि तेही सवयीनं. नळीच जुनी असेल गं, म्हणाला.

टिचकी म्हणाली की नळी नवीन आहे, सुतारकाकांनी बसवलेली. मी वळणावर बघितलं नाही.

बाबांनी तिफण उचलली, फणात बसलेला चिखल काडीनं काढला, आणि तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. इतकंच म्हणाले की मग मागे जा आणि हातानं टाकून ये, बैल उभे आहेत. टिचकी वळणापाशी गेली आणि डाव्या फणानं चिरलेली रेघ शोधून, वाकून, चिमटीनं गहू सोडत आणि पायानं माती ओढत निघाली. वाकून चालायची सवय तिला भट्टीनं लावलीच होती. बांधावरून आत्या बघत होती. पाखरांना हाकारायचंही ती विसरली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शेत पेरून झालं. मग जमीन दाबायला बैलांमागे फळी लावली आणि वजन म्हणून तिच्यावर लिंबूटिंबूला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या वजनाचा कुणाला उपयोग झाला, आणि तो संध्याकाळपर्यंत फळीवरून उतरायला तयार नव्हता.

मग वाट बघणं आलं. टिचकी रोज सकाळी पाणी भरून परतताना शेतावरून यायची, आणि शेत वाटेवर नव्हतं. तिसऱ्या दिवशी काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या दिवशी तिनं नखानं माती उकरली, तर दाण्याच्या पोटातून पांढरं टोक बाहेर आलेलं. तिनं ते घाईघाईनं झाकलं, एखाद्याच्या अंगावरचं पांघरूण चुकून ओढावं आणि परत घालावं तसं. घरी कुणी काही विचारलं नाही. बाबांनी एकदा भट्टीवर न्यायची पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली काढली आणि आईनं ती संध्याकाळी परत वर ठेवली.

आठव्या दिवशी सकाळी लिंबूटिंबू तिच्या पुढे धावत गेला आणि बांधावर जाऊन थबकला. नेहमी बडबडणारं पोर गप्प झालं म्हणून तिनं घागर सावरत झपाझप पावलं टाकली.

शेत हिरवं होतं. दुरून नुसती हिरवी वाफ असावी तसं. जवळ गेल्यावर त्या वाफेच्या ओळी झाल्या, तीन-तीन, तीन-तीन, या बांधापासून त्या बांधापर्यंत, सुईसारखी पाती, प्रत्येकाच्या टोकाला दव. सगळीकडे सारखी. कुठे दाटी नाही, कुठे टक्कल नाही. मध्ये एक ओळ अर्ध्यापर्यंत जराशी वाकडी गेलेली, माणूस वाकून चालल्यासारखी, पण भरलेली. टिचकी घागर घेऊन तिथंच उभी राहिली आणि तिला हसू यायला लागलं. ते तिच्यानं आवरेना. ती ओळीच्या कडेनं धावत त्या टोकाला गेली, धावत परत आली, आणि घागरीतलं अर्धं पाणी तिच्या अंगावर सांडलं.

लिंबूटिंबूनं वस्ती गोळा केली. बाबा आले, आई हात पुसत आली, सुतार कानावर पेन्सिल ठेवून आला, रेडिओकाका तर आधीच अर्ध्या वाटेवर होता. आत्या सगळ्यांच्या शेवटी आली, हात पदराखाली घेऊन. बाबा एका ओळीत शिरले आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. परत यायला त्यांनी फार वेळ लावला, आणि आले तेव्हा त्यांनी तोंड धुतल्यासारखं उपरण्यानं पुसलं. रेडिओकाका म्हणाला की माझं वरचं शेत अजून राहिलंय, मी यंत्र सांगितलं होतं पण आता नको, या पोरीला पाठवा, धान्य नेहमीप्रमाणे घरी येईल. बाबा म्हणाले, रविवारी. बाकीचे दिवस तिची शाळा असते. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की टिचकीला ते कळायला दोन श्वास लागले. फाट्यावरचा ट्रक यंदा त्यांच्याशिवाय जाणार होता.

आईनं तिचं ओलं झालेलं डोकं आपल्या पोटाशी दाबलं, आणि उवा शोधल्या नाहीत.

सुतारानं वाकून ती वाकडी ओळ बघितली. म्हणाला, लिंबूनं छान पेरलंय. टिचकी एवढी लाल झाली की त्यालाच हसू फुटलं.

सगळे असे खुशीत असताना लिंबूटिंबू शेताच्या या टोकाला आला, जिथं पेरणी सुरू झाली होती, आणि त्यानं बोट दाखवून विचारलं की मग इकडे असं टक्कल का पडलंय?

पहिले सहा फेरे. तिथं गहू पुंजक्यांनी उगवला होता, मध्ये काळी माती, पुन्हा पुंजका. आणि सातव्या फेऱ्यापासून सरळ ओळी. मधली हद्द इतकी स्पष्ट होती की कुणी दोरी धरून आखली असती तरी यापेक्षा नीट आली नसती. आंधळ्यालाही वाचता आलं असतं.

तिथं ओल कमी असते, बाबा म्हणाले. आई म्हणाली, झाडाची सावली पडते ना. सुतार नळीबद्दल काहीतरी बोलायला गेला, पण टिचकीनं त्याच्याकडे बघितलं तसा खोकला. रेडिओकाकानं घसा साफ केला आणि म्हणाला, पाखरं. मग जरा विचार करून म्हणाला, किंवा मुंग्या. मुंग्यांचं काही सांगता येत नाही.

आत्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग ती त्या टकलांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. पदराखालचा उजवा हात तिनं बाहेर काढला आणि समोर धरला, उघडा, उन्हात. हात थरथरत होता. सगळे सवयीनं दुसरीकडे बघायला लागले.

"इकडे बघा," आत्या म्हणाली. "पाखरं नाहीत आणि मुंग्याही नाहीत. माझा हात कापतो. दोन वर्षं झाली. मला आता मूठ धरता येत नाही."